आजींचे बिऱ्हाड हलविताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘स्वानुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दहा मिनिटे बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझी शाळा सातवीत सुटली, आणि सभेत उभे राहण्याची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, “तुमच्या आजेसासूबाईंना पेठेतून इकडे कसे आणले तेवढे सांगा. निम्म्या घरांत आज ना उद्या हा प्रसंग यायचाच आहे.” म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या आजी, म्हणजे माझ्या यजमानांच्या वडिलांच्या आई, १९५० साली लग्न होऊन शनिवार पेठेतल्या वाड्यात आल्या. वय सतरा. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, चौकात हौद आणि मागे विहीर. २०२३ च्या मे महिन्यात त्या तिथून निघाल्या तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. म्हणजे त्र्याहत्तर वर्षे एकाच उंबऱ्याच्या आत! आम्ही जागा पुरेना म्हणून पूर्वीच कर्वेनगरला आलो होतो. त्या मात्र “इथं माझं सगळं आहे” म्हणून धाकट्या काकांबरोबर तिथेच राहिल्या. काकांनी लग्न केले नाही, तेव्हा दोघांचे बरे चालले होते.

पण वाड्याच्या मागच्या भिंतीला फुगवटा आला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस लागली. आता निघणे भागच होते.

घरात सगळे जमले आणि विचार ठरला तो असा : आजींना आठ दिवस आत्यांकडे पोचवायचे, तोवर आपण सामान हलवायचे, आणि मग त्यांना परस्पर नव्या घरी आणायचे. “म्हातारीला उगाच त्रास नको.” बोलणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण मला ते पटेना. सुनांनी मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये असे आम्हाला शिकवलेले. तरी मी बोलले. मी म्हटले, “त्यांचे घर त्यांच्या पाठीमागे मोडायचे, हा त्रास नाही का?”

माझ्या या बोलण्याला कारण होते. पानशेतचे धरण फुटले, १२ जुलै १९६१, बुधवार. पुण्यातल्या जुन्या माणसांना ही तारीख सांगावी लागत नाही. आजी तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, आणि माझे सासरे आठ वर्षांचे. पाणी वाढते आहे अशी ओरड झाली, तशी आजींनी सासऱ्यांचा हात धरला, धाकट्याला कडेवर घेतले आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधून त्या निघाल्या. चुलीवर आमटी तशीच. परत आल्या तो खोल्यांत गुडघाभर चिखल. खडकवासल्याचे धरणही फुटलेले, म्हणजे शहराच्या नळांचे पाणीच गेले. वाड्याची विहीर पुरुषमाणसांनी उपसून काढली, तिच्यावर कित्येक दिवस सगळ्या बिऱ्हाडांचे भागले. ही हकीगत मी त्यांच्या तोंडून पंचवीस वर्षे ऐकते आहे. भांडी गेली, लग्नातला शालू गेला, त्याचे त्या फारसे बोलत नाहीत. दर वेळी शेवटी एकच म्हणतात : “दाराला कडीसुद्धा घालता आली नाही गं.”

हे मी घरात सगळ्यांना सांगितले. सासरे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आई इथंच राहील. ती सांगेल तसं हलवू.”

मग मी तीन आठवडे रोज सकाळी नऊला पेठेत जाऊ लागले. सकाळीच, कारण दुपारनंतर आजी थकतात, आणि थकलेल्या माणसाला काही विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते. रोज एकच जागा धरायची. आज फडताळ, उद्या माळा. तेही तास-दीड तास, पुढे नाही. पाटावरवंट्याच्या दिवशी तर काहीच हलले नाही. त्या नुसत्या त्याची हकीगत सांगत बसल्या आणि मी ऐकत बसले. काकांना वाटले, दिवस फुकट गेला. मला तसे वाटत नाही.

एक गोष्ट तिथे माझ्या ध्यानात आली. “आजी, हे टाकू का?” असे विचारले की त्या डबा पोटाशी धरीत. “आजी, हे कोणाला द्यायचं?” असे विचारले की क्षणभर विचार करून नाव सांगत. पितळी घंगाळ धाकट्या नातसुनेला, पुरणयंत्र समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना, तांब्याचा बंब आत्यांना. आत्यांच्या घरी गरम पाण्याचे यंत्र आहे, त्यांना बंब कशाला? पण आत्या शहाण्या. त्यांनी तो नेला आणि त्यात तुळस लावली. म्हाताऱ्या माणसांना देण्याचे दुःख नसते, टाकण्याचे असते. भंगारवाल्याला मात्र मी आजी निजल्या असतानाही बोलावले नाही. त्या होत्या तेव्हाच बोलावले, आणि त्यांनी त्याच्याशी किलोमागे दोन रुपयांसाठी अशी घासाघीस केली की तो म्हणाला, “आजी, तुम्ही माझ्या धंद्यात या.”

आता थोडे कागदांविषयी बोलते, कारण बायका हे काम पुरुषांवर सोडतात. आजींच्या खोलीत खिळ्याला एका तारेत भाड्याच्या पावत्या ओवलेल्या होत्या. पुरानंतरच्या सगळ्या, आधीच्या पाण्यात गेल्या. त्या तारेला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे आणि आम्ही हसत असू. वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी तीच मागितली. त्यांनीच सांगितले की, पालिकेने धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेकरूचा हक्क बुडत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ सालचा निकाल आहे. पण आपण कुठे, किती जागेत राहत होतो हे कागदावर हवे. म्हणून निघण्याआधी दोन्ही खोल्यांचे मोजमाप लिहून मालकांची सही घेतली. खोल्या रिकाम्या करून मग कागद मागू नका, आधी मागा.

आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, तेव्हा आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. केंद्र सरकारच्या या वेतनात ऐंशीनंतर वीस टक्के, पंच्याऐंशीनंतर तीस आणि नव्वदीनंतर चाळीस टक्के वाढ मिळते, पण जन्मतारीख दप्तरी बरोबर लागलेली हवी. पत्ता बदलायला बँकेत जाल तेव्हा तीही तपासून घ्या. हयातीचा दाखला इतरांना नोव्हेंबरात द्यावा लागतो, ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. मतदारयादीतले नावही आम्ही नव्या पत्त्यावर आणले. २०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्यांना अर्ज करून घरूनच मत देता आले, तेव्हा आजींनी आमच्या दिवाणखान्यात बसून मत दिले. यजमानांनी विचारले, “कोणाला?” तर म्हणाल्या, “तुझ्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही.”

निघण्याच्या दिवशी टेम्पो पुढे गेला. आजींनी रिकाम्या खोल्या स्वतः झाडल्या. कमरेत वाकून, थांबत थांबत. अर्धा तास लागला. ड्रायव्हर दोनदा बोलवायला आला, मी त्याला चहाला पाठवले. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले, दार ओढले, कडी घातली, कुलूप लावले, आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. डोळ्यांत पाणी आमच्याच होते.

नव्या घरी आम्ही एक युक्ती केली होती. वाड्यात त्यांच्या खाटेच्या डाव्या हाताला दार आणि उशाला खिडकी होती. इथेही खाट तशीच लावली, म्हणजे रात्री झोपेत उठल्या तरी पाय सवयीने मोरीच्या दिशेला वळतात. शहाबादी फरशीवर आयुष्य गेलेले, आणि इथल्या फरश्या आरशासारख्या गुळगुळीत. म्हणून पायपुसणी सगळी उचलली, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या आणि रात्रभर बारीक दिवा ठेवला. देव्हारा सामानात सर्वांत शेवटी भरला आणि सर्वांत आधी उघडला.

एवढे करूनही पहिले दोन महिने कठीण गेले, हे लपवत नाही. दिवेलागणीला त्या पिशवी घेऊन दाराशी बसत. “चल, घरी कधी जायचं?” “आजी, हेच आपलं घर” म्हटले की चिडत. मग मी वाद घालणे सोडले. “चहा घेऊ, मग बघू” म्हणायचे, आणि चहा घेताना वाड्याचे काहीतरी विचारायचे. समोरच्या बिऱ्हाडात कोण होते, हौदात पाणी किती वाजता यायचे. तासाभराने त्या आपल्या आपण पिशवी खुंटीला लावीत. पुढे आपल्या मंडळातल्या दोघी-तिघी दुपारी येऊन बसू लागल्या, त्याचा फार उपयोग झाला. बिल्डिंगमध्ये दार लावून बसण्याची रीत. वाड्यात दार लावले की लोक विचारीत, कोण आजारी आहे?

आता त्या रमल्या आहेत असे मी म्हणणार नाही. राहतात. लिफ्टला अजून भितात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारले, “वाडा पाडला का?” घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मी म्हटले, “हो आजी, पाडला.” त्या म्हणाल्या, “आणि विहीर?” ते कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी यजमान कामावरून येताना मुद्दाम तिकडून आले. विहीर अजून आहे, वर पत्रा टाकला आहे, असे त्यांनी सांगितले. आजी म्हणाल्या, “पत्र्यावर दगड ठेवायला सांग त्यांना. तिथं पोरं खेळतात.” तेव्हा यजमान पुन्हा जाऊन तिथल्या रखवालदाराला सांगून आले.