मंदीच्या काळातील आपली चाळ : काही आठवणी, काही विचार

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका ज्येष्ठ सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला चार शब्द बोलण्यास सांगितले. मी काही मोठी वक्ती नाही. माझा जन्म वरळीच्या बी. डी. डी. चाळीत झाला. वडील गिरणीत त्रासन खात्यात होते. १९७८ पासून निवृत्त होईपर्यंत मी महापालिकेच्या शाळेत शिकवले. त्यामुळे १९८२ च्या संपानंतर आपल्या वस्तीवर जो कठीण काळ आला, तो मी घरातून पाहिला आणि शाळेतूनही पाहिला. आजच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांपैकी काहीजण त्या वेळी लहान होते, काहींचा जन्मही झाला नव्हता. म्हणून त्या काळाबद्दल बोलावे असे ठरवले आहे.

संपाची हकिकत थोडक्यात सांगते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवे होते आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातून सुटका हवी होती. या कायद्यान्वये बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. कामगार ज्याला आपला पुढारी मानत होते, त्याच्याशी मालक आणि सरकार बोलायलाच तयार नव्हते. संप महिना, दोन महिने चालेल असे सर्वांना वाटले. तो वर्ष उलटून गेले तरी मिटला नाही. अधिकृतपणे तो कधी मागेही घेतला गेला नाही. दरम्यान कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण लाखभर कामगारांना परत काम मिळाले नाही.

आता आपल्या लोकांची स्थिती काय होती, ते पाहू. गिरणीत साचा खात्याची, म्हणजे विणाईची, मजुरी जास्त असे. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला पूर्वी घेत नसत. धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळ होतो अशी सबब सांगितली जाई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. पुढे ते बंधन सैल होत गेले. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या कमी मजुरीच्या खात्यांत राबल्या, आणि कमी मजुरीतून शिल्लक ती काय पडणार? दुसरी गोष्ट गावाची. संप लांबला तेव्हा कोकण, सातारा, पुणे भागांतील अनेक कामगार गावी गेले. ज्याची चार बिघे शेती होती, त्याने भात-नाचणीवर दिवस काढले. आपल्यापैकी बहुतेकांची गावी बौद्धवाडीत एक पडकी खोली आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी, एवढाच आधार होता. त्यामुळे संप सर्वांचा होता तरी त्याची झळ सर्वांना सारखी बसली नाही. बदली कामगाराची स्थिती तर याहून वाईट होती. त्याला आधीच महिन्यातले मोजके दिवस काम मिळे.

अशा वेळी चाळीत लोक जगले कसे, असे मला नेहमी विचारले जाते. याचे उत्तर असे की, आधी उधारीवर, मग मोडीवर आणि शेवटी बायकांच्या कष्टावर. पहिले काही महिने वाण्याच्या वहीवर निघाले. युनियनने धान्य वाटले, इतर कारखान्यांतील कामगारांनी मदत केली. नंतर वाण्यानेही हात आखडता घेतला, कारण त्याचेही भांडवल अडकले होते. मग तांब्या-पितळेची भांडी गेली, मंगळसूत्रे गहाण पडली, काहींची रेशनकार्डेसुद्धा गहाण पडली. काहींनी खोली देऊन विरार-कल्याणच्या पलीकडचा रस्ता धरला. भिशी बुडाल्या. ज्या बायका खानावळ चालवीत त्यांचे जेवणारेच गावी निघून गेले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून खानावळवाल्या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली होती, त्यामुळे कित्येकींना सावकाराचे तोंड पाहावे लागत नव्हते. पण जेवणारेच नाहीत तिथे कर्जाचा हप्ता कशातून फेडणार? मग याच बायका पापड लाटू लागल्या, भाजीची टोपली घेऊन बसल्या, वरळी सी फेस, प्रभादेवीच्या इमारतींत धुणीभांडी करू लागल्या. पुरुष सभेला जात, नाक्यावर बसत आणि संध्याकाळी घरी येऊन मान खाली घालून जेवत. ज्या माणसाने वीस वर्षे भोंग्यावर घड्याळ लावले, त्याला दुपारी बाराला घरात बसण्याची लाज वाटत असे. काही त्यातून दारूकडे वळले. काही घरांतील तरुण मुले वाईट संगतीला लागली. हे सांगताना मला बरे वाटत नाही, पण हे घडले आहे.

आता मी शाळेकडे येते, कारण आजचा समारंभ विद्यार्थ्यांचा आहे. संपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून वर्गातील एकेक जागा रिकामी दिसू लागली. हजेरी घेताना नाव पुकारले की मागच्या बाकावरून उत्तर येई, "बाई, ती गावी गेली." आईवडील घाईने जात, शाळेचा दाखला नेत नसत. तिकडे दाखल्याशिवाय प्रवेशाला अडचण येई, आणि वर्षभराने मूल परत आले की ते मागे पडलेले असे. पालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत फी नव्हती, तरीही वह्या, गणवेश, चप्पल हे होतेच. सातवीनंतर माध्यमिक शाळेत गेले की फीचा प्रश्न येई. त्या ठिकाणी सर्वांत जास्त गळती झाली. मुलगा असेल तर तो चहाच्या टपरीवर किंवा गॅरेजमध्ये लागे. मुलगी असेल तर ती घरी राहून धाकटी भावंडे सांभाळी, कारण आई दुसऱ्याच्या घरी कामाला गेलेली असे.

मी ज्या मजल्यावर राहत होते, तेथील दोन घरांचे उदाहरण देते. नावे सांगत नाही. दोन्ही घरांतील पुरुष संपात होते, दोन्हींची मिळकत सारखीच होती. एका घरात मोठ्या मुलीला सातवीनंतर काढले. दुसऱ्या घरातील आईने आणखी दोन घरांची कामे धरली, पण मुलीची शाळा सोडवली नाही. दुसरी मुलगी पुढे परिचारिका झाली. तिने दोन भावांना शिकवले आणि आईवडिलांचे म्हातारपण सांभाळले. पहिली मुलगी हुशारीने तसूभरही कमी नव्हती. ती आज साठीच्या घरात आली असून अजून पोळ्या लाटण्याच्या कामाला जाते. पहिल्या आईला मी दोष देत नाही. तिच्या पदरी पाच मुले होती आणि त्या दिवशी घरात पीठ नव्हते. मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या वेळी तिला महिन्याचे वीस-पंचवीस रुपये कोणी दिले असते, तर एका आयुष्याची दिशा बदलली असती. मोडलेले भांडे पुन्हा घेता येते, गहाण पडलेले सोने सोडवता येते. सातवीत सुटलेली शाळा बहुतेकांच्या हातून कायमची सुटली.

त्या काळात आपल्या संस्थेच्या ज्येष्ठांनी काय केले, तेही विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. त्यांच्याकडे पैसा नव्हता. ज्यांच्या घरात कोणी पालिकेत, रेल्वेत, टपाल खात्यात किंवा बेस्टमध्ये होते, त्यांच्याकडून दरमहा दोन-पाच रुपये गोळा केले. विहारातील दिवा रात्री उशिरापर्यंत चालू ठेवून अभ्यासाची सोय केली. वरच्या वर्गात गेलेल्यांची पुस्तके खालच्या वर्गातील मुलांना दिली. मदत कोणाला दिली हे सभेत वाचून दाखवायचे नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणून स्वाभिमानी माणसेही मदत घेऊ शकली.

हेही लक्षात घ्या की त्या वर्षांत बौद्ध म्हणून आपल्याला महाराष्ट्र शासनाच्या सवलती मिळत होत्या, पण केंद्र शासनाच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नव्हत्या. त्या १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मिळाल्या. म्हणजे ज्या मुलांनी संपाच्या काळात शाळा धरून ठेवली होती, तीच मुले दार उघडले तेव्हा आत जाऊ शकली. ज्यांची शाळा सुटली होती, त्यांच्यासाठी तो कायदा झाला काय आणि न झाला काय, सारखेच होते.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचा एक हिस्सा पालिकेला, एक म्हाडाला व एक मालकाला अशी तरतूद होती. २००१ मध्ये बदल करून हा वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता ठेवण्यात आला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपाला तीस वर्षे झाल्यावर. तोवर कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. जिथे भोंगा वाजत असे तिथे मॉल आणि कार्यालये उभी राहिली. तेथे आपली मुले कामाला लागली, पण बहुतेक सुरक्षारक्षक म्हणून, सफाईला किंवा सामान पोचवायला, आणि तीही ठेकेदारामार्फत. ठेक्यावरचा कामगार आणि जुना बदली कामगार यांत मला फारसा फरक दिसत नाही. उद्या काम आहे की नाही, हे दोघांनाही ठाऊक नसते.

म्हणूनच २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा मला १९८२ आठवले. पुन्हा पगार थांबले, पुन्हा माणसे गावाकडे निघाली आणि पुन्हा पहिली झळ शिक्षणालाच लागली. शाळा मोबाइलवर आली. १६० चौरस फुटांच्या खोलीत एक मोबाइल आणि तीन मुले. काही घरांत तो मोबाइल आधी मुलाच्या हातात गेला आणि मुलीला "तू नंतर बघ" असे सांगितले गेले. चाळीस वर्षांत आपण इतके शिकलो, तरी अडचणीच्या वेळी मुलीचा नंबर मागेच राहतो, याचा आपण गंभीरपणे विचार केला पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा. वरळीच्या १२१ चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वच्छतागृह घरात आले, पाण्यासाठी रांग नाही, म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट मिळाली. ज्यांनी मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे आयुष्य काढले, त्यांनाच याचे मोल कळेल. जुनी चाळ बरी होती, असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु चाळीत एक सोय होती. गॅलरीतून जाताना कोणाची चूल पेटली नाही ते दिसत असे, कोणाचे पोर शाळेच्या वेळी दारात बसले आहे ते दिसत असे. नव्या इमारतीत दार बंद असते. मंदी आता कोणाच्या घरात शिरली, हे शेजाऱ्याला कळणार नाही. शिवाय आज ना उद्या देखभालीचा खर्च आणि विजेचे मोठे बिल येणारच. नोकरी गेलेल्या घरात हा खर्च आधी भागवला जाईल आणि मुलांची फी मागे राहील, अशी मला भीती वाटते.

यासाठी संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना नम्रपणे ठेवते. पहिली अशी की, स्नेहसंमेलन, भोजन, सत्कार यांवरील खर्च थोडा कमी करून एक स्वतंत्र शिक्षण निधी असावा. त्यातून अडलेल्या मुलाची फी आठ दिवसांच्या आत भरली जावी, आणि नाव गुप्त राहावे. अर्ज, शिफारस, बैठक यांत दोन महिने गेले तर तोवर मूल कामाला लागलेले असते. दुसरी अशी की, प्रत्येक इमारतीत दोन सभासदांनी, त्यांपैकी एक भगिनी असावी, महिन्यातून एकदा घरोघरी जाऊन चौकशी करावी. वर्गणी मागायला नव्हे, तर मुले शाळेत जातात की नाही, एवढेच विचारायला.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की, तुम्ही मिळवलेल्या गुणांबद्दल मला अभिमान वाटतो. पुढे नोकरी लागली की पहिल्या पगारातून या निधीला काही द्या. रक्कम किती याला महत्त्व नाही. घरात कोणाचे काम गेले तर लाजून शाळा-कॉलेज सोडू नका, आधी संस्थेतील कोणाला तरी सांगा. तुमच्या वर्गातील एखादी जागा चार दिवस रिकामी दिसली, तर त्या मुलाच्या घरी जाऊन या. माझ्या वर्गातून गेलेली कित्येक मुले मला परत आणता आली नाहीत, कारण त्यांच्या मागे जाणारे कोणी नव्हते. आज आपण इतके जण आहोत.