आधी बाळाला न्या, मग घरी कळवा
(फेडरेशनच्या पुण्यातील मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



आज मी कर्जवसुलीवर बोलणार नाही, घाबरू नका. आज लहान बाळाबद्दल बोलायचं आहे. काही जणी मनात म्हणत असतील, चार-चार लेकरं वाढवली आम्ही, ही कालची पोर काय शिकवणार! खरंय, बाळ कसं वाढवायचं ते तुम्हीच मला शिकवाल. मला फक्त एका रात्रीबद्दल बोलायचं आहे.

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. तुमचं नऊ महिन्यांचं बाळ तापानं फणफणलंय. अचानक त्याचे डोळे वर फिरतात, हातपाय ताठ होतात, झटके यायला लागतात. नवरा चाकणला रात्रपाळीला, फोन लागत नाही. सासूबाई म्हणतात, "थांब, त्याला येऊ दे." कोणी कांदा फोडून नाकाला लावतं, कोणी चप्पल हुंगवतं, कोणी दातखीळ सोडवायला चमचा घालतं. घरात तीनशे रुपये आहेत. दोन घरं सोडून खजिनदाराकडे गटाची पेटी आहे, तिच्यात पैसेही आहेत. पण बैठकीशिवाय कर्ज कसं मागायचं, म्हणून तुम्ही दार वाजवत नाही. आणि उजाडतं.

हे कुठल्या एका घरातलं नाही. वेगवेगळ्या बैठकांत तुमच्याच तोंडून तुकड्या-तुकड्यानं ऐकलेलं आहे. यात वाईट माणूस कोणीच नाही बघा. "नेऊ नको" असं कोणी म्हटलं नाही. पण "जा" असंही कोणी म्हटलं नाही. बाळाची वेळ त्यात गेली.

आता त्या झटक्यांचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापानंही झटके येऊ शकतात. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि मूल बरं होतं. पण पहिल्यांदा झटका आला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण मेंदूच्या तापातही असेच झटके येतात, आणि फरक आपल्याला घरी कळत नाही. बाळाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही, पुन्हा झटका आला, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर एक क्षणही थांबायचं नाही. दृष्ट काढायची असेल तर दवाखान्यातून आल्यावर काढा, कोणी अडवणार नाही.

झटक्यांशिवायही काही खुणा आहेत. बाळ अंगावर पीत नाही. हलवल्याशिवाय हालचाल करत नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे किंवा अंग गार पडलंय. आणि श्वास मोजा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात चाललाय. यातलं एक जरी दिसलं, तरी निघायचं.

हे मोजणं आपल्याला जमेल का, असं वाटत असेल तर गडचिरोलीचं ऐका. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आज आपली आशाताई बाळ घरी आल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, ती पद्धत याच कामातून पुढे आली. पुढच्या वेळी ती आली की तिच्याबरोबर बसून श्वास मोजायला शिका. सासूबाईंनाही बसवा.

आता पैसा. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, तपासण्या आणि नेणं-आणणं मोफत आहे. या योजनेचं नाव जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, ससून आहे. मोठी खाजगी दिसणारी कितीतरी रुग्णालयं धर्मादाय आहेत. त्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला आधी अनामत न मागता दाखल करून घ्यावं लागतं. २०२५ साली याच पुण्यात जुळ्यांची गरोदर असलेल्या एका बाईकडे दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. दुसऱ्या ठिकाणी तिला दोन मुली झाल्या, पण आई वाचली नाही. त्यानंतर हा नियम रुग्णालयांना पुन्हा बजावला गेला. म्हणून काउंटरवर विचारायचं, "हे धर्मादाय रुग्णालय आहे ना? समाजसेवक कुठे बसतात?" मोठ्यानं विचारायचं, लाजायचं नाही.

नियम फुकट असले तरी खिशात दोन पैसे लागतातच. म्हणून प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत एक ठराव लिहावा अशी माझी विनंती आहे. एक, आजारी बाळासाठी ठरावीक रक्कम बैठकीची वाट न बघता, रात्री-अपरात्री, दोन सह्यांवर द्यायची, हिशोब नंतर. रक्कम तुमची तुम्ही ठरवा. दोन, प्रत्येक वस्तीतल्या दोन जणींची नावं लिहायची, ज्या हाक मारली की बाळाच्या आईबरोबर निघतील. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: खूण दिसली की आईनं कोणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही. आधी बाळाला न्यायचं, मग घरी कळवायचं. हा ठराव घरी नवऱ्याला, सासू-सासऱ्यांना आजच वाचून दाखवा. सगळे शांत असतात तेव्हा "हो" म्हणतात. ते "हो" आधीच घेऊन ठेवायचं.

आणि इथं बसलेल्या सासूबाईंनो, तुमच्या एका शब्दावर घर हलतं. रात्री दोन वाजता तो शब्द "थांब" नको, "चल, मी पण येते" असू द्या.

पुढच्या महिन्यात मी गटभेटीला येईन, तेव्हा वसुलीचं पान नंतर बघू. आधी हा ठराव बघेन.