कर्ता शोधून दाखवा

माझ्याआधी बोललेल्या तिघांनीही ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असं म्हणून आपला दीड तास घेतला. मी वेळ घेणार आहे. आधीच सांगितलेलं बरं.

स्वागताध्यक्षांनी टेलर माली या अमेरिकी कवीची कविता काढली. ‘टोटली लाइक व्हॉटेव्हर, यू नो?’ माली हा शिक्षकी पेशातून आलेला, मंचावर चुरशीने म्हणायच्या स्लॅम कवितेत गाजलेला माणूस. ज्या खोडीची टिंगल करायची तीच तोंडात घेऊन तो बोलतो. साधी विधानंही शेवटी सूर चढवून प्रश्नासारखी म्हणतो आणि मग विचारतो, तुमची खात्री गेली कुठे? कारागिरी पक्की आहे. आपण हसलात. लगेच स्वागताध्यक्षांचं बोट मागच्या रांगेकडे वळलं: ‘ही बघा, ॲक्च्युअली-बेसिकलीवाली पिढी!’

माझा याला साफ विरोध आहे.

पुढची गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही. 2015 साली मेलिसा लोझाडा-ओलिव्हा या तरुण कवयित्रीने स्लॅमच्याच मंचावरून मालीला उत्तर दिलं. बोलणं सारखं मध्येच तोडलं जात असेल, तर मुलींचा सूर चढणारच, असा तिचा रोख. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफबाईंनी तर 1975 मध्येच बायकांच्या या चढत्या सुराचा संबंध समाजातल्या त्यांच्या दुय्यम जागेशी लावला होता.

आता घरचं बघू. ‘तो गेला म्हणे’, ‘गेला असावा’ – ही काय भित्री मराठी आहे? ऐकीव ते ऐकीव, अंदाज तो अंदाज, चोख हिशेब आहे तो. खोट आहे ती ‘कुठेतरी’त. ‘कुठेतरी आपण कमी पडलो.’ कुठे? आणि आपण म्हणजे कोण? ‘उचित कार्यवाही करण्यात येत आहे’ – या वाक्यातला कर्ता शोधून दाखवा, माझं मानधन तुमचं. हे वाक्य म्हणताना आजवर कुणी अडखळल्याचं मी पाहिलेलं नाही.

सकाळी वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय पाणी. एक मुलगी उभी राहिली. ‘म्हणजे... ॲक्च्युअली आमच्या वाडीवर टँकर येतो ना? तो तिसऱ्या दिवशी... म्हणजे कधीकधी चौथ्या?’ दर वाक्याला अडत होती. पण पाइप आधी कुणाच्या दारात जातो, रांगेत हंडा ठेवून आई कामावर गेली की तो मागे कोण सारतं, सगळं सांगून गेली. तिच्यानंतरचा मुलगा ‘जल हेच जीवन’पासून ‘खऱ्या अर्थाने’पर्यंत सात मिनिटं धो धो वाहिला. भाषणात पाण्याचा थेंब नव्हता. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

पहिला क्रमांक त्याला. तिला उत्तेजनार्थसुद्धा नाही. शेरा, ‘आत्मविश्वास कमी’. खाली तीन परीक्षकांच्या सह्या आहेत आणि तिसरी माझी आहे. ‘करण्यात आली’ नव्हे, मी केली.

बक्षिसं अजून वाटायची आहेत. स्वागताध्यक्ष, निकालाचा कागद आपल्या खिशात आहे. जरा इकडे द्या.