मत्स्यशेतीची कसोटी

बाजारांतून कोळंबी घेतांना ती ताजी आहे कीं नाहीं, हें आपण पाहतों. ती कोठून आली, हें विचारीत नाहीं. मीही कधीं विचारलें नव्हतें. परंतु गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला व म्हणाला, "गुरुजी, खाडीकांठची जमीन गहाण टाकून कोळंबीचीं तळीं खणावीं म्हणतों. आपला सल्ला काय?"

मीं त्याला तीन प्रश्न विचारले.

पहिला, तुझें पीक खाणार काय? कोळंबीच्या खाद्यांत बहुधा मासळीची भुकटी असते, व ती समुद्रांतील लहान मासळीपासूनच होते. एक मासळी वाढविण्यासाठीं दुसरी उपसावयाची! कालवांचें तसें नाहीं. पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति गाळून तीं आपलें पोट भरतात. मात्र त्याबरोबर पाण्यांतील घाणही तीं सांठवितात. म्हणून सांडपाण्याची खाडी त्यांना वर्ज्यच.

दुसरा, तळ्यांतलें पाणी जाणार कोठें? उरलेल्या खाद्यानें व विष्ठेनें तें दूषित होतें, आणि एका तळ्यांतील रोग त्याच वाटेनें दुसऱ्यांत शिरतो. १९९४-९५ सालीं पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानें आपल्या देशांतील अनेक कोळंबी-शेतकऱ्यांचें भांडवल बुडविलें.

तिसरा, त्या जागीं पूर्वीं काय होतें? तिवरांचें रान तोडल्यास लहान मासळीचा आसरा जातो. भातशेती व विहिरी शेजारीं असल्यास खारें पाणी झिरपून त्या नासतात. अशाच कारणांसाठीं ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या आंतील कोळंबी-उद्योगाचीं तळीं मोडण्याचा आदेश दिला. पिढीजात पद्धतीची शेती तेवढी वगळली. पुढें २००५ च्या कायद्यानें नोंदणी व अटी घालून या धंद्याला पुन्हां वाट करून दिली. परंतु सरकारी नोंदणी म्हणजे कांहीं निसर्गाची संमति नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याच्या जमिनीच्या एका अंगाला तिवरें होतीं व दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची विहीर. त्यानें गहाणखत केलें नाहीं. बांबूच्या तराफ्याला रिकाम्या शिंपल्यांच्या माळा टांगून तो आतां कालवें वाढवून पाहत आहे. उत्पन्न थोडें आहे. त्यांत त्याचा संसार चालेल कीं नाहीं, हें दोन वर्षांनीं कळेल.

तोंवर आपण एवढें करावें: बाजारांत भाव विचारतांना हे तीन प्रश्नही विचारावे. गिऱ्हाईक विचारूं लागलें, म्हणजे विकणाराला उत्तर शोधावेंच लागतें.