तोंड येणं : ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नका

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पाळी, अंगावरून जाणं, गर्भाशयाचे आजार यांवर आपण आता मोकळेपणाने बोलू लागलो आहोत. पण वारंवार तोंड येण्याबद्दल कुणी बोलत नाही. विचारलं तर बाई म्हणते, “त्यात काय सांगायचं? उष्णता वाढलीय.” मग सब्जा भिजवायचा, दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची गोळी आणायची आणि भाकरी पाण्यात कुस्करून गिळायची. बाई दुखणं अंगावर काढते. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. पण या साध्या दुखण्यात बाईच्या जगण्याचे बरेच प्रश्न दडलेले आहेत, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी व्रण ओळखू या. गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला पांढरट-पिवळा व्रण होतो, भोवती लाल कड असते. बहुतेकींना होतो तो लहान प्रकार. हा व्रण १ सेंटिमीटरपेक्षा लहान असतो आणि ७ ते १४ दिवसांत वण न ठेवता आपोआप भरतो. दुसरा प्रकार मोठा आणि खोल. तो भरायला अनेक आठवडे लागतात, मागे वण राहतो. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढे पुष्कळ व्रण एकदम उठतात. हे तिन्ही प्रकार संसर्गजन्य नाहीत. तेव्हा घरात कुणी सुनेचं ताट-पेला वेगळा ठेवत असेल, तर ते थांबवायला सांगा.

हे का होतं? नेमकं एकच कारण सापडलेलं नाही. काही घराण्यांत आईकडून-वडिलांकडून ही प्रवृत्ती येते. गाल चावला जाणं, दाताचं टोक घासणं, जागरण, मनावरचा ताण यांनी व्रण उठतात. काहींना पाळीच्या आधी होतात. काही औषधांनीही होतात. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं कारण म्हणजे लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ यांची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी आहे. पाळीत रक्त जातं, बाळंतपणं होतात, आणि सगळ्यांचं जेवून झाल्यावर तळाशी उरलेली भाजी बाईच्या वाट्याला येते. अशा बाईला ‘उष्णता’ म्हणून परत पाठवणं म्हणजे तिच्या उपासमारीवर पांघरूण घालणं आहे.

म्हणून वारंवार तोंड येत असेल तर आधी रक्त तपासून घ्यायचं. कमतरता निघाली तर डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या घ्यायच्या. कमतरता नसताना नुसत्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी व्रण थांबत नाहीत. दुखणं कमी व्हायला कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्या, तिखट आणि कडक पदार्थ काही दिवस टाळावे, टोकदार दात घासून घ्यावा. व्रण फार त्रास देत असतील तर डॉक्टर लावायला स्टेरॉइडचं मलम देतात. चुना किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी व्रणावर दाबून धरू नये, त्याने आतली त्वचा भाजते. तोंडाबरोबर योनीपाशीही व्रण होत असतील, डोळे लाल होत असतील, जुलाब किंवा ताप असेल, वजन घटत असेल, तर मूळ आजार वेगळा असू शकतो. लाज न बाळगता डॉक्टरांना सगळं सांगायला हवं.

आता मिश्रीबद्दल. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. अनेक जणी सांगतात, “मिश्री सोडली आणि तोंड आलं, म्हणून पुन्हा सुरू केली.” त्यांचा अनुभव खोटा नाही. तंबाखू सोडल्यावर पहिले काही आठवडे अनेकांना असे व्रण होतात. पण ते जातात. मिश्री चालू ठेवली तर मात्र तोंडाच्या कर्करोगाचा धोका कायम राहतो. हे आधीच सांगितलं तर बाई घाबरून मागे फिरणार नाही.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तीन आठवड्यांचा नियम. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, कडा टणक झालेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, किंवा उभी तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यांपैकी काहीही दिसलं तर दवाखाना गाठायचाच. कर्करोगाचा व्रण सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ ही समजूत घातक ठरते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची तोंड-तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा, उपकेंद्रावर मागणी करा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या सभासदांना दोनच प्रश्न विचारावेत : तोंड किती वेळा येतं? आणि घरात जेवायला शेवटी कोण बसतं? दोन्हींची उत्तरं शेजारी-शेजारी लिहा. पुढे काय करायचं, ते आपण त्यावरूनच ठरवू.