जयस्तंभाचा चौक



मी सहा-सात वर्षांचा असेन. पोळा तोंडावर आला होता आणि बाबांचं बोट धरून मी पहिल्यांदाच गोंदियाच्या बाजाराला निघालो होतो. बाबांनी आधी मला एका चौकात नेलं, मधला स्तंभ दाखवला आणि बजावलं, "हात सुटला तर रडत फिरायचं नाही. कोणालाही विचार, जयस्तंभ कुठे आहे? इथे येऊन उभा राहा. मी येतोच." त्या दिवशी हात सुटला नाही, पण तो चौक मनात कायमचा बसला. आजही परगावच्या माणसाला पत्ता सांगताना गोंदियाकर जयस्तंभापासूनच सुरुवात करतो.

गोंदियाला किल्ला नाही, राजवाडा नाही. हे गाव मोठं केलं ते रेल्वेनं. १८८८ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेची मोठी लाईन इथे आली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोटी लाईन झाली, आणि दक्षिणेला नागभीडमार्गे चांद्याकडे जाणारीही. मग वैनगंगेच्या खोऱ्यातलं धान इथे उतरू लागलं, जंगलातला तेंदूपत्ता येऊ लागला. राईस मिल उभ्या राहिल्या, बिडीचे कारखाने निघाले. मारवाडी, गुजराती, सिंधी व्यापारी आले. आजूबाजूच्या गावांतले पोवार, कुणबी, गोंड कामाधंद्याला आले. झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी आणि हिंदी एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात, अशी गावं महाराष्ट्रात थोडीच.

राजाच्या शहरात मुख्य चौक राजा आखतो. स्पेनची राजधानी माद्रिद घ्या. तिथला 'प्लासा मायोर' हा मोठा चौक तिसऱ्या फिलिप राजाच्या काळात, १६१९ मध्ये पुरा झाला. तिथे उत्सव झाले, बैलांच्या झुंजी झाल्या आणि धर्मन्यायालयाचे निवाडेही सुनावले गेले. तीन वेळा मोठ्या आगी लागल्या. आज मधोमध घोड्यावर बसलेला तोच फिलिप आहे. सत्ता बदलली की या चौकाचं नावही बदलायचं. १८१२ मध्ये तो संविधान चौक झाला, दोनच वर्षांत राजा परतल्यावर राजचौक झाला आणि १८७३ मध्ये प्रजासत्ताक चौक.

आपल्या चौकाची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याचं नाव टिकलं आणि भोवतालचा नकाशा बदलत गेला. ज्या स्वातंत्र्याच्या स्मरणार्थ जयस्तंभ आहे, ते १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं तेव्हा गोंदिया मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं. १९५० मध्ये त्या प्रांताचा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. जयस्तंभ चौक मात्र जयस्तंभ चौकच राहिला.

आणि तो एकटा नाही. अमरावतीला जयस्तंभ चौक आहे, बुलढाण्याला आहे. बालाघाट, इटारसी आणि रायपूरलाही आहे. आज ही गावं तीन राज्यांत विभागली आहेत. १९४७ मध्ये ती सगळी एकाच प्रांतात होती. नकाशावरून पुसला गेलेला तो प्रांत या चौकांच्या नावांत अजून सापडतो. रायपूरचा जयस्तंभ तर जिथे उभा आहे, ती जागा १० डिसेंबर १८५७ ला सोनाखानच्या वीर नारायण सिंह यांना फाशी दिल्याची जागा म्हणून लोक ओळखतात. दुष्काळात सावकाराचं कोठार फोडून त्यांनी भुकेल्यांना धान्य वाटलं होतं. अशा माणसांच्या वाट्याला राजमुकुट आला नाही. त्यांचा जय सांगायला हे स्तंभ आहेत.

म्हणूनच मला गोंदियाचा हा चौक मोलाचा वाटतो. इथे मधोमध कोणी राजा बसलेला नाही. ज्यांनी धान पेरलं, बिड्या वळल्या, मालगाड्या भरल्या, तुरुंग भोगला, त्या सगळ्यांचा मिळून हा स्तंभ आहे.

श्रोतेहो, एकच विनंती. येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपलं की घरातल्या लहानग्याचं बोट धरून आपल्या गावच्या जयस्तंभापाशी जा. जाहिरातीचा फलक त्याच्या आड आला असेल, तर तो बाजूला करायला सांगा. मग त्या मुलाला विचारा, हा जय कोणाचा? उत्तर त्याला तिथेच उभं राहून सांगा.