पोलादाच्या गावातला झिको

स्नातक मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बरेच जण परदेशी निघालेत, असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. म्हणून परदेशी जाऊन खेळलेल्या ब्राझीलच्या झिको या फुटबॉलपटूबद्दल बोलतो. गोवेकरांनी त्याला फातोर्ड्याच्या मैदानाकडेला पाहिलंय. 2014 पासून तीन हंगाम तो एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक होता. पण मला सांगायचंय ते त्याच्या खेळाडूपणातल्या दोन मुक्कामांविषयी.

पहिला इटलीतला. 1983 मध्ये उदिनेसे या लहान क्लबने त्याला ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबकडून विकत घेतलं. इटालियन फुटबॉल महासंघाने करार अडवला, तर उदिने शहराचे लोक रस्त्यावर उतरले: झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो! सीमा जवळच, त्यामुळे धमकीत दम होता. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये 19 गोल मारले, फ्रान्सच्या प्लातिनीपेक्षा फक्त एक कमी. पण दोन वर्षांत तो परतला आणि उदिनेसे होता तिथेच राहिला. उदिनेला त्याचे पाय हवे होते, ते मिळाले.

दुसरा मुक्काम मला जास्त मोलाचा वाटतो. खेळणं थांबवून तो ब्राझील सरकारात क्रीडा सचिव झाला होता. ते पद सोडून 1991 मध्ये, वयाच्या 38व्या वर्षी, तो पुन्हा खेळायला जपानला गेला. तेही टोकियोला नव्हे, काशिमा नावाच्या गावाला. तिथे सुमितोमो कंपनीचा पोलाद कारखाना आणि त्याचा दुसऱ्या श्रेणीतला संघ. खेळाडू कंपनीचे कर्मचारी. जपानची व्यावसायिक लीग अजून सुरू व्हायची होती आणि तिचे प्रमुख साबुरो कावाबुची यांनी या गावाला जवळजवळ वाटेलाच लावलं होतं: छप्पर असलेलं 15,000 आसनांचं स्टेडियम बांधा, मग बघू. गावाने ते बांधलं. तिथल्या पोरांना झिकोने फक्त फ्री किक शिकवली नाही. वेळ, आहार, सराव, हरल्यावर चिडणं, सगळं शिकवलं. 16 मे 1993 रोजी, लीगमधल्या काशिमाच्या पहिल्याच सामन्यात, इंग्लंडचा गॅरी लिनेकर असलेल्या नागोया संघाला त्यांनी 5-0 हरवलं. त्यातले तीन गोल चाळिशीतल्या झिकोचे.

त्याला देव करू नका. त्याच हंगामाच्या अंतिम लढतीत प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी मिळाली, तेव्हा हा गुरुजी पुढे झाला आणि चेंडूवर थुंकला. पंचांनी बाहेर काढलं. शिस्त शिकवणाऱ्याचं हे वागणं मला आजही बोचतं. तरी काशिमाने त्याचा पुतळा उभारला आणि पुढे 2002 मध्ये जपानने त्याला राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक केलं.

काशिमाचं पहिलं लीग विजेतेपद 1996 चं, म्हणजे तो निवृत्त झाल्यानंतरचं. जपानी लीग सर्वाधिक वेळा जिंकणारा क्लब आज हाच आहे.

गोव्यात मात्र गणित जुळलं नाही. इंडियन सुपर लीगच्या 2015 च्या अंतिम सामन्यात 87व्या मिनिटाला गोवा 2-1 ने पुढे होता, आणि शेवटच्या काही मिनिटांत गोव्यावर दोन गोल झाले आणि चेन्नईयन संघाने करंडक नेला. पुढच्या हंगामात गोवा तळाला. आणि त्याच वर्षी, डिसेंबर 2016 मध्ये, योकोहामाला क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात काशिमाने रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत झुंजवलं. सामना 4-2 असा हरले, पण मध्यंतरानंतर काही मिनिटं पोलादाच्या गावाचा संघ माद्रिदच्या पुढे होता.